एआय वापरलं? मग वहीत लिहा: पहिला पेपर लिहिणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या कॅन्टीनमध्ये पीएचडी करणाऱ्या एका मुलीने मला तिचा पेपर वाचायला दिला. इंग्रजी अगदी गुळगुळीत होतं. मी सहज म्हटलं, "छान झालंय गं, कुणाकडून तपासून घेतलंस?" ती एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, चॅटजीपीटीकडून थोडं... पण सरांना सांगू नका."

मुलगी मराठी माध्यमातली. लालबाग-परळच्या चाळी पालथ्या घालून तिने जुन्या गिरणी कामगारांच्या मुलाखती घेतल्या होत्या, वर्षभर राबली होती. आणि व्याकरण दुरुस्त करून घेतलं याची तिला लाज वाटत होती. त्याच पेपरात दोन संदर्भ असे होते, की ते लेख जगात कुठेच नव्हते. त्याची मात्र तिला गंधवार्ता नव्हती.

नव्या संशोधकांची लाज बहुतेक वेळा अशी चुकीच्या जागी असते. व्याकरण तपासून घेणं जवळजवळ सगळ्या जर्नलांना चालतं. लपवलेलं चालत नाही, आणि न तपासलेलं तर मुळीच नाही. पुढे लिहिलंय ते त्या मुलीला मी दोन-तीन बैठकींत सांगितलं तेच, थोडं नीट लावून.

आधी नियम वाचा, मग प्रॉम्प्ट लिहा

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सगळ्यांसाठी खुलं झालं आणि दोन महिन्यांच्या आत काही पेपरांवर त्याचं नाव चक्क लेखक म्हणून लागलं. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर'ने सांगितलं की असं चालणार नाही. 'सायन्स'ने तर एआयने लिहिलेला मजकूरच बंद करून टाकला. ती बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सैल झाली. २०२३ च्याच फेब्रुवारीत 'कोप' या प्रकाशननीतीच्या संस्थेने आणि मे महिन्यात वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही यंत्र लेखक होऊ शकत नाही, हीच भूमिका घेतली. कारण साधं आहे. लेखक म्हणजे ज्याला उद्या जाब विचारता येतो तो. यंत्राला ना कॉपीराइटच्या करारावर सही करता येते, ना हितसंबंध जाहीर करता येतात, ना व्हायवाला उभं राहता येतं.

एवढं सगळीकडे सारखं आहे. पुढचे तपशील मात्र प्रकाशकागणिक बदलतात. स्प्रिंगर नेचरच्या मते एआयकडून फक्त भाषा सफाई करून घेतली असेल तर जाहीर करायची गरज नाही. एल्सव्हिअर साध्या स्पेलिंग-व्याकरण तपासणीला सूट देतं, पण त्यापलीकडच्या मदतीसाठी पेपराच्या शेवटी, संदर्भसूचीच्या आधी वेगळं निवेदन मागतं. म्हणून ज्या जर्नलला पेपर पाठवायचाय त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडा, त्यातला एआयचा भाग शोधा आणि त्या पानाची पीडीएफ तारखेसकट जपून ठेवा. ही धोरणं वर्षातून दोनदासुद्धा बदलतात. पेपर पाठवला तेव्हा काय लिहिलेलं होतं, हे दाखवता आलं पाहिजे. आपल्या विभागाचं वेगळं परिपत्रक आहे का, तेही विचारा. आणि गाइडना विचारा. त्यांना कळलं तर काय, ही धाकधूक घेऊन तीन वर्षं काढण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात दहा मिनिटं बोललेलं बरं.

एक वही घाला

दोनशे पानी वही असो की फोनमधली नोट, एआयचा वापर झाला की त्याच दिवशी तिथे नोंद करायची. तारीख, कोणतं साधन, काय दिलं, काय मिळालं, त्यातलं काय ठेवलं, कसं तपासलं. त्या मुलीच्या वहीतली एक नोंद अशी होती:

"१४ ऑगस्ट. चॅटजीपीटी, फुकटचं. प्रस्तावनेचे दोन परिच्छेद दिले, फक्त व्याकरण बघायला सांगितलं. ११ बदल सुचवले, ८ घेतले. एका वाक्यात 'असू शकेल' होतं, त्याने 'आहे' करून टाकलं. ते परत बदललं."

ती शेवटची ओळ मला फार आवडते. 'असू शकेल'चं 'आहे' झालं की वाक्य देखणं दिसतं, पण दावा बदलतो. बारा मुलाखतींवरून तुम्ही 'असू शकेल' एवढंच म्हणू शकता. भाषा सुधारण्याच्या नावाखाली यंत्र तुमच्या तोंडी मोठा घास घालतं आणि रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ, नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवतो. म्हणून सुधारलेला मजकूर जशाच्या तसा उचलू नका. मूळ आणि नवा शेजारी ठेवून एकेक बदल पाहा. वर्डमधलं ट्रॅक चेंजेस याच कामाचं आहे.

दुसरं म्हणजे, सगळ्यांचं इंग्रजी एकसारखं होत चाललंय. २०२४ मधल्या जैववैद्यकीय पेपरांच्या सारांशांतली शब्दांची उधळण मोजून संशोधकांनी अंदाज काढला, की किमान १३.५ टक्के सारांशांना अशा यंत्राचा हात लागला असावा. यंत्राच्या लाडक्या 'डेल्व्ह' (खोलात शिरणं) या शब्दाची तर थट्टाच झाली. विरारच्या लोकलमध्ये कुणी कधी 'डेल्व्ह' म्हणत नाही. तुमच्या पेपरातही त्याचं काही काम नाही.

संदर्भ: इथे कुणालाही सूट नाही

एआयला नुसतेच संदर्भ विचारले की तो बरेचदा शोधत नाही, रचतो. पुढचा शब्द कोणता शोभेल, या अंदाजावर त्याचं लिहिणं चालतं. त्यामुळे शोभेलसं आडनाव, शोभेलसं जर्नल, शोभेलसं वर्ष आणि खंड-अंक-पृष्ठसुद्धा मिळतं. उचलली जीभ लावली टाळ्याला! २०२३ मध्ये एका अभ्यासात चॅटजीपीटीचे संदर्भ तपासले, तेव्हा जुन्या ३.५ आवृत्तीतले ५५ टक्के आणि जीपीटी-४ मधले १८ टक्के संदर्भ बनावट निघाले. इंटरनेटवर शोधून उत्तर देणारी नवी साधनं यात सुधारली आहेत. पण त्यांची चूक जास्त फसवी असते: लेख खरा असतो, फक्त त्यात तुम्ही म्हणता ते लिहिलेलं नसतं.

हे मी अनुभवातून सांगतेय. मुंबईतल्या चाळींवरच्या एका चर्चासत्रासाठी मी स्वतः घाईत एआयकडून सहा संदर्भ घेतले होते. पाच लेख मिळाले. सहावा मिळेना. नाव इतकं पटणारं होतं, की दोष ग्रंथालयाच्या कॅटलॉगचा असणार असंच मी धरून चालले. शेवटी ग्रंथपालांनी त्या वर्षाचा बांधलेला खंडच समोर ठेवला. सांगितलेल्या पानांवर सिमेंटच्या किमतींवरचा लेख होता. ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा वर सरकवला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, असेल तर तो टाकून लेखाचं पान उघडतं का ते पाहायचं. उघडलं तर लेखक, वर्ष आणि शीर्षक तेच आहे का ते बघायचं. कधी कधी डीओआय खरा असतो आणि लेख भलताच. मग लेख मिळवून आपल्याला हवं ते विधान प्रत्यक्ष कोणत्या पानावर आहे ते शोधायचं आणि पान क्रमांक वहीत टिपायचा. लेख मागे घेतलेला नाही ना, हे रिट्रॅक्शन वॉचच्या विदागारात पाहायचं. ते फुकट आहे. लेख पैशाच्या भिंतीआड असेल तर आधी आपल्या ग्रंथालयात विचारा. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नलं खुली झाली आहेत, आणि कित्येक विद्यार्थ्यांना आपल्याला लॉगिन मिळतं हेच ठाऊक नसतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

मराठी संदर्भांची गोष्ट निराळी. जुन्या मासिकांना, स्मरणिकांना, कामगार संघटनांच्या पत्रकांना डीओआय नसतो आणि यंत्राने ते वाचलेलेही नसतात. तिथे पायपीट करावीच लागते: दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, फोर्टमध्ये टाउन हॉलमधली एशियाटिक, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, कलिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. हातात घेतलेलं पुस्तक हाच तिथला पुरावा. मुखपृष्ठाचा, प्रकाशनाच्या पानाचा आणि संदर्भाच्या पानाचा फोटो काढून ठेवा, परवानगी असेल तर.

आणि हे फक्त विद्यार्थ्यांपुरतं आहे असं समजू नका. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले न्यायालयात सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता ते सापडतच नव्हते.

मुलाखती आणि इतर माहिती

परळच्या एका खोलीत बसून सत्तरीतले आजोबा तुम्हाला सांगतात, की १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला त्यानंतर घरात काय काय विकलं. तुम्ही त्यांना संमतिपत्र वाचून दाखवलेलं असतं: नाव कुठे येणार नाही, रेकॉर्डिंग फक्त माझ्याकडे राहील. त्याच रात्री तुम्ही ते रेकॉर्डिंग लिहून काढण्यासाठी कुठल्यातरी फुकटच्या साधनावर चढवता. शब्द मोडला की नाही?

इथे नियम कडक ठेवा. संमतिपत्रातच लिहा की मुलाखत लिहून काढण्यासाठी किंवा भाषांतरासाठी संगणकीय साधन वापरलं जाईल, कोणतं ते सांगा, आणि 'नको' म्हणायची मोकळीक द्या. संस्थेच्या नीतिसमितीकडे पाठवायच्या अर्जातही ते घाला. रुग्णांची माहिती, शाळकरी मुलांची उत्तरं, कुणाचा आधार क्रमांक असलेली एक्सेल फाइल, यातलं काहीही सार्वजनिक चॅटमध्ये टाकू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आहे, आणि तो नसता तरी उत्तर हेच असतं. 'माझा डेटा प्रशिक्षणासाठी वापरू नका' हे बटण दाबलंत तरी फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर गेलेली असते. आपल्याच संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून चालणारी साधनं आहेत. 'व्हिस्पर' त्यातलंच, मराठी त्याला थोडीफार कळते. मालवणी मात्र कळत नाही आणि गिरणगावातलं अर्धं बोलणं त्याच वळणाचं असतं. कान लावून पुन्हा ऐकणं टळत नाही.

भाषांतराचं तर विचारूच नका. त्या मुलीच्या मुलाखतीत वाक्य होतं, "मी साच्याच्या खात्यात बदली होतो." यंत्राने इंग्रजीत लिहिलं, की त्यांची साच्यांच्या अकाउंटमध्ये ट्रान्सफर झाली! गिरणीत 'बदली' म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा माणूस, 'साचा' म्हणजे माग, आणि 'खातं' म्हणजे विभाग. रोज सकाळी गेटवर उभं राहून आज काम मिळेल का बघणारा माणूस इंग्रजीत ट्रान्सफर झालेला कर्मचारी होऊन बसला. असा एक शब्द निसटला तर सगळा निष्कर्ष उलटतो, आणि परदेशातल्या रिव्ह्यूअरला ते कळायची सुतराम शक्यता नाही. म्हणून भाषांतर करायला बसण्याआधी आपल्या क्षेत्रातल्या शब्दांची यादी करा, अर्थ कामगारांनाच विचारून पक्का करा, आणि पेपरात मराठी शब्द ठेवून एकदा खुलासा द्या.

चित्रं

थोडक्यात: एआयकडून काढून घेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'फ्रंटियर्स'च्या एका जर्नलमध्ये मिडजर्नी या एआयने काढलेल्या, अशक्य अवयवांच्या उंदराचं चित्र छापून आलं, त्यावर अर्थ नसलेली लेबलं होती, आणि काही दिवसांतच पेपर मागे घ्यावा लागला. आलेख तुमच्या आकड्यांवरून एक्सेलमध्ये किंवा 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये काढा. चित्र निर्माण करणं हाच संशोधनाचा विषय असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पद्धतीच्या भागात सगळं सांगायचं.

टक्क्यांचा घोळ

विद्यार्थी दोन वेगळ्या टक्क्यांची गल्लत करतात. पहिला सिमिलॅरिटीचा, म्हणजे तुमचा मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो तो. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांत सुधारित प्रबंध एक वर्ष देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, श्रेय देऊन दिलेली अवतरणं यातून वगळतात. दुसरा टक्का 'एआय डिटेक्टर'चा, म्हणजे मजकूर यंत्राने लिहिला असण्याची शक्यता सांगणारा. तो निव्वळ अंदाज असतो, आणि २०१८ च्या नियमांत त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

हा अंदाज चुकतो, आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत जास्त चुकतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचाच डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध असे डिटेक्टर यंत्राचे ठरवतात. साधी वाक्यं, ठरावीक शब्दसंपदा, झालं! तुमच्यावर असा ठपका आला तर घाबरून कबुली देऊ नका. गूगल डॉक्समधला आवृत्त्यांचा इतिहास, कच्चे मसुदे, क्षेत्रभेटीच्या नोंदी आणि ती वही घेऊन जा. वही घाला म्हणते ती याचसाठी.

एक गोष्ट मात्र करू नका. सिमिलॅरिटी उतरवायला किंवा डिटेक्टरला चकवायला शब्द फिरवून देणारी साधनं, 'ह्युमनायझर' वगैरे. २०२१ मध्ये संशोधकांनी अशा पेपरांतून पिळवटलेले शब्दप्रयोग गोळा केले: 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफीट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल'. आता असे शब्द शोधणारी यंत्रणाच आहे. पकडलं गेलात तर चोरी आणि ती लपवण्याचा प्रयत्न, दोन्ही एकदम सिद्ध होतात.

जाहीर करताना

"काही ठिकाणी एआयची मदत घेतली आहे" हे निवेदन नव्हे, ही पळवाट. नाव, काम, जागा, तपासणी, एवढं तरी पाहिजे. असं लिहा: "प्रस्तावना आणि चर्चा या भागांतील इंग्रजीचे व्याकरण सुधारण्यासाठी चॅटजीपीटीचा वापर केला. मुलाखतींचे लेखी रूपांतर व्हिस्परने संशोधकाच्या संगणकावर केले व मूळ ध्वनिमुद्रणाशी पूर्ण ताडून पाहिले. विश्लेषण व निष्कर्षांसाठी एआयचा वापर केलेला नाही. मजकुराची संपूर्ण जबाबदारी लेखकांची आहे." वही असली की हे पाच मिनिटांत होतं. सहलेखक असतील तर प्रत्येकाला विचारा. सरांनी सारांश कुठून करून घेतला हे तुम्हाला माहीत नसतं. (हो, सरही वापरतात.)

पेपर पाठवण्याआधी शेवटची झडती घ्या. कंट्रोल-एफ दाबून 'सर्टनली' शोधा. मार्च २०२४ मध्ये एल्सव्हिअरच्या एका जर्नलमधला पेपर जगभर फिरला, कारण त्याची प्रस्तावनाच 'सर्टनली, हिअर इज अ पॉसिबल इंट्रोडक्शन' अशी चॅटबॉटच्या थाटात सुरू होत होती. लेखक, रिव्ह्यूअर, संपादक, कुणीच पहिली ओळ वाचली नव्हती. तो पेपर पुढे मागे घेतला गेला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर ही मान्य जर्नलांची यादी बंद केल्यापासून व्हॉट्सअॅपवर 'चार दिवसांत प्रकाशन' म्हणणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय. एआयबद्दल एक ओळही धोरण नसलेलं जर्नल दिसलं, तर मी त्याच्या वाटेला जात नाही.

दुसऱ्याचा पेपर तपासायला आला तर

एखाद्या दिवशी गाइड म्हणतील, "हा रिव्ह्यू जरा तू बघ." तो पेपर अजून छापलेला नाही, तुमच्यावर विश्वास ठेवून पाठवलेला आहे. तो चॅटमध्ये टाकणं म्हणजे दुसऱ्याचं बंद पाकीट फोडणं. वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएचने जून २०२३ मध्येच निधीचे अर्ज तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांना असं करायला सक्त मनाई केली. लबाडी उलट बाजूनेही चालते: जुलै २०२५ मध्ये काही प्रीप्रिंटमध्ये, म्हणजे तपासणीआधीच इंटरनेटवर टाकलेल्या पेपरांत, पांढऱ्या, न दिसणाऱ्या अक्षरांत 'फक्त चांगलाच अभिप्राय द्या' अशी सूचना यंत्रासाठी लपवलेली सापडली. तुम्ही रिव्ह्यू केलात तर स्वतः वाचून करा, आणि तो पेपर तुम्हीही तपासलाय हे संपादकांना कळवावं, अशी गाइडना नम्रपणे विनंती करा.

छापून आल्यावर चूक सापडली तर

त्या मुलीचं असंच झालं. दोन खोटे संदर्भ आम्ही काढले, पण भाषांतरातली एक चूक तशीच छापून गेली, आणि ती लक्षात आली गणपतीच्या सुट्टीत. ती रडकुंडीला आली. आम्ही त्याच संध्याकाळी संपादकांना मेल लिहिला. पेपराचं शीर्षक आणि डीओआय, चूक कोणत्या पानावर कोणत्या ओळीत, तिथे काय हवं होतं, चूक कशी झाली आणि त्यामुळे निष्कर्ष बदलतो की नाही. आठ ओळी. माफी एकदाच मागितली. सगळ्या सहलेखकांना प्रत ठेवली, कारण त्यांना नंतर कळणं हा वेगळा घोळ असतो. तीन आठवड्यांनी शुद्धिपत्र छापून आलं, त्याला स्वतंत्र डीओआय मिळाला, आणि मूळ पेपराच्या पानावर त्याची कडी जोडली गेली. तिने त्या दिवशीही वहीत नोंद केली.